पेट्रोलपंपावरचा अनर्थदंड

१ डिसेंबर २०२० रोजी इंडियन ऑइलने 'एक्सपी १००' हे शंभर ऑक्टेनचे पेट्रोल बाजारात आणले. पहिल्या टप्प्यातल्या दहा शहरांत पुणे होते, पुढच्या टप्प्याच्या यादीत हैदराबाद होते. या दोन शहरांना जोडणाऱ्या महामार्गावर मधोमध वसलेले सोलापूर मात्र दोन्हींत नव्हते. दिल्लीत तेव्हा साधे पेट्रोल लिटरला ८२ रुपयांच्या आसपास होते आणि हे नवे पेट्रोल १६० रुपयांना. तरीही ज्याच्या दारात जर्मन गाडी उभी आहे अशा सोलापूरकराच्या मनात विचार येतोच: पुण्याला जाणे होतेच, तर येताना टाकी तिथेच भरून आणावी का? आणि गावातल्या पंपावर तर रोजचाच प्रश्न असतो. एक्सपी ९५, स्पीड, पॉवर अशी नावे फलकावर झळकत असतात, काच खाली होते आणि पंपावरचा मुलगा विचारतो, "मालक, साधं टाकू का पावर?" उत्तर ठरलेले असते. "पावरच टाक."

या उत्तरात हिशेब फारसा नसतो. ऐंशी-नव्वद लाखांची गाडी घेणारा माणूस लिटरमागच्या सात-आठ रुपयांसाठी अडत नाही. त्या उत्तरामागे असते ती एक भावना: चांगल्याला चांगलेच द्यावे. दसऱ्याला याच गाडीला झेंडूची माळ पडलेली असते, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक असते, चाकाखाली लिंबू ठेवलेले असते. नवी गाडी घरी येते ती लक्ष्मी म्हणून, तिला ओवाळून दारात घेतात. मग तिला काय घालायचे याचा विचारही नैवेद्याच्या अंगाने होतो, इंजिनाच्या अंगाने होत नाही. ही भावना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग देऊन त्याला पुरणपोळी भरवणारा शेतकरी आणि गाडीला महाग पेट्रोल घालणारा व्यापारी यांच्या मनात एकच संस्कार आहे. जे आपल्यासाठी राबते त्याच्याविषयी कृतज्ञ राहावे, हा तो संस्कार.

पण कृतज्ञता कुठे संपते आणि उधळण कुठे सुरू होते? हा प्रश्न मेकॅनिकच्या आधी धर्माचा आहे. आणि त्याचे काटेकोर, जवळजवळ यंत्रशास्त्राच्या भाषेतले उत्तर ज्या परंपरेत सापडते, ती सोलापुरात परकी नाही. दिगंबर जैन समाजातल्या गृहस्थांसाठी घालून दिलेली व्रते ही ती परंपरा.

या समाजाने सोलापूरला एकाच आडनावाची दोन माणसे दिली. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म इथलाच, २३ नोव्हेंबर १८८२ चा. घरचा कापसाचा आणि सावकारीचा व्यवसाय सोडून ते रेल्वेच्या कंत्राटांत शिरले, तिथून जहाजांत, विमानांत, साखरेत आणि अखेर मोटारींत. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि पद्मिनी बाहेर पडल्या आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला तिचे रूप मिळाले. भारतात मोटार बनवता येते हे ज्यांनी करून दाखवले, त्यांत सोलापूरचा हा माणूस अगदी पुढे आहे.

दुसरे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी. १९४० च्या सुमारास त्यांनी ठरवले की न्यायाने मिळवलेला आपला पैसा आता धर्म आणि समाज यांच्या कामी लावायचा. ते देशभर फिरले, जैन विद्वानांना भेटले, १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या गजपंथा क्षेत्री सगळ्यांना एकत्र बोलावले. तिथून सोलापूरचा जैन संस्कृती संरक्षक संघ उभा राहिला. आधी ३०,००० रुपये, मग १९४४ मध्ये जवळपास सगळी, दोन लाखांची मालमत्ता त्यांनी संघाला देऊन टाकली. संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेतला 'तिलोयपण्णत्ती' हा प्राकृत ग्रंथ १९४३ मध्ये आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली निघाला, आणि त्यानंतर निघालेले ग्रंथ आजही जगभरचे अभ्यासक वापरतात. १६ जानेवारी १९५७ रोजी जीवराजांनी समाधिमरण पत्करले.

एकाने मोटारीचा कारखाना काढला त्याच साली दुसऱ्याने सगळे देऊन टाकले. या दोघांना एकमेकांसमोर उभे करून एकाला मोठा आणि दुसऱ्याला छोटा ठरवणे सोपे आहे, पण जैन विचारात त्याला आधार नाही. श्रावकाने, म्हणजे जैन गृहस्थाने, मुनी व्हावे अशी सक्ती नाही. त्याने कमवावे, पेढी वाढवावी, वाहनेही ठेवावीत. अट एवढीच की मर्यादा त्याने स्वतः घालून घ्यावी. पाच अणुव्रतांतले शेवटचे परिग्रह-परिमाण व्रत हेच सांगते: किती, हे आधी ठरव. आकडा धर्म देत नाही, माणसाने द्यायचा असतो. धर्माचे लक्ष असते ते आकडा दिला गेला की नाही, याकडे.

आचार्य समंतभद्रांचा 'रत्नकरंडक श्रावकाचार' हा दिगंबर गृहस्थांचा आचारग्रंथ. सव्वाशे-दीडशे श्लोकांचा लहानसा ग्रंथ, पण त्यात वाहनाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. परिग्रहाच्या व्रताला लागणाऱ्या दोषांची यादी करताना त्यांनी पहिलाच दोष सांगितला तो अतिवाहनाचा. टीकाकारांनी त्याचा अर्थ, लोभापायी बैलांना झेपेल त्यापेक्षा लांब हाकणे, असा दिला आहे. त्याच यादीत विस्मय आहे, म्हणजे दुसऱ्याची भरभराट पाहून चित्त ढळणे. शेजारच्या पंपावर दुसरी गाडी महागडे पेट्रोल भरते म्हणून आपणही भरावे असे वाटणे, हे त्या विस्मयापासून फार दूर नाही.

तिथून पुढे गुणव्रते येतात. त्यांतले एक अनर्थदंडाचे. प्रयोजनाविना केलेली हिंसा किंवा नुकसान म्हणजे अनर्थदंड. गृहस्थाच्या हातून हिंसा होणारच हे इथे गृहीत धरले आहे; चूल पेटणार, शेत नांगरले जाणार, गाडी चालणार. पण ज्या कृतीतून काही निष्पन्नच होत नाही, तिच्यातली हिंसा टाळता येण्यासारखी आहे, म्हणून ती अधिक दोषाची. समंतभद्रांनी याचे पाच प्रकार सांगितले आणि त्यांतल्या प्रमादचर्येखाली, म्हणजे बेसावध वागण्याखाली, जे मोजले ते वाचून आजचा वाहनमालक चमकावा: विनाकारण जमीन खणणे, पाणी ढवळणे, अग्नी पेटवणे, वारा चाळवणे, झाडे-वेली तोडणे, आणि सगळ्यांच्या शेवटी विनाकारण हिंडणे व दुसऱ्याला हिंडवणे. मोटार यातले एकही सोडत नाही. जमिनीतून तेल निघते, सिलिंडरमध्ये आग पेटते, धूर हवेत जातो, आणि चाके फिरतात. पाणी आणि वनस्पती यांचा संबंध कसा येतो, ते पुढे.

म्हणजे कसोटी किमतीची नाही, फळाची आहे. महाग पेट्रोलातून काही निष्पन्न होते का? होत असेल तर तो अर्थ, होत नसेल तर अनर्थ. आणि याचे उत्तर श्रद्धेवर सोडायची गरज नाही, कारण ते मोजता येते.

ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलमधली ताकद नव्हे. सोलापुरात, आणि सोलापुरातच नव्हे, बहुतेक वाहनमालकांचा समज तसा आहे, पण लिटरभर पेट्रोलमध्ये ऊर्जा किती याच्याशी या आकड्याचा संबंध नाही. आकडा सांगतो तो संयम: दाबाखाली आणि उष्णतेत ते इंधन ठिणगी पडेपर्यंत न पेटता किती तग धरते. आयसोऑक्टेन नावाच्या द्रव्याला १०० गुण आणि हेप्टेनला शून्य गुण देऊन ही मोजपट्टी बनवलेली आहे. इंजिन जितके जास्त दाब देणारे, टर्बो असलेले, तितका हा संयम जास्त लागतो. तो कमी पडला तर ज्वाला पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप भडकते आणि पिस्टनवर टकटक आवाज येतो. गॅरेजमध्ये याला 'नॉकिंग मारतंय' म्हणतात. हे दीर्घकाळ चालले तर इंजिन खराब होते.

पण ज्या इंजिनाला ९१ चा संयम पुरतो, त्याला १०० चा दिला तर ते काहीच वेगळे करत नाही. जास्तीचे नऊ गुण टाकीतून येतात आणि सायलेन्सरमधून निघून जातात.

अमेरिकेत 'ट्रिपल ए' या वाहनचालकांच्या संघटनेने २०१६ मध्ये हे तपासून पाहिले. साध्या पेट्रोलवर चालण्यासाठी बनवलेल्या चार, सहा आणि आठ सिलिंडरच्या गाड्या त्यांनी यंत्रावर चढवल्या, दोन्ही इंधनांवर चालवल्या. शक्ती, मायलेज, धूर यांपैकी कशातही दखल घ्यावी असा फरक पडला नाही. गरज नसताना महाग पेट्रोल भरण्यापायी अमेरिकी माणसांनी आदल्या वर्षभरात २.१ अब्ज डॉलर घालवले, असा त्यांचा अंदाज होता. २०१७ मध्ये त्यांनी दुसरी चाचणी केली ती अशा गाड्यांची, ज्यांच्या पुस्तिकेत महाग पेट्रोल 'सक्तीचे' नाही पण 'शिफारशीचे' आहे. आलिशान गाड्यांपैकी पुष्कळ याच वर्गात बसतात. तिथे फरक दिसला: मायलेज सरासरी २.७ टक्क्यांनी वाढले, शक्ती १.४ टक्क्यांनी. किमतीतला फरक मात्र वीस टक्क्यांच्या पुढे होता.

तिसरा वर्ग उरतो, ज्यांच्या पुस्तिकेत ठराविक ऑक्टेन सक्तीचे आहे. त्यांच्याबाबत वाद नाही. पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडले की आतल्या बाजूला चिकटवलेला कागद असतो. त्यावर किमान आकडा छापलेला असतो आणि पुष्कळदा शिफारशीचाही. पंपावर फलकाकडे पाहणारे खूप, हा कागद वाचणारे थोडे. तो कागद वाचणे हीच इथली पहिली धार्मिक कृती आहे, असे म्हणायला हरकत नाही, कारण प्रमादाची उलट बाजू म्हणजे सावधपणा, आणि जैन आचारात सावधपणाइतके मोल क्वचितच दुसऱ्या कशाला दिले आहे.

सोलापूरच्या बाबतीत दोन गोष्टी मुद्दाम पाहायला हव्यात. पहिली उन्हाची. मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, इंजिनात शिरणारी हवाच तापलेली असते आणि तापलेल्या हवेत नॉकिंग लवकर होते. चार माणसे आणि सामान घेऊन, एसी लावून, टर्बो गाडी बोरघाट चढते तेव्हा जास्तीचा संयम खरोखर कामाला येऊ शकतो. आजच्या गाड्यांत नॉकिंगची चाहूल घेणारा सेन्सर असतो. तो ठिणगीची वेळ मागे सरकवून इंजिन वाचवतो, पण त्यात थोडी शक्ती आणि थोडे मायलेज जाते. इथे महाग पेट्रोल म्हणजे उधळण नव्हे. प्रयोजन स्पष्ट आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ती अजून फार थोड्यांच्या ध्यानात आली आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या घरात, त्यामुळे मिश्रणाचा आकडा आपोआप वर जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने स्पष्टच सांगितले की वीस टक्के इथेनॉलच्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन आता ९५ आहे. त्याआधीच्या मानकात तो ९१ होता आणि त्याच्याही आधी ८८. म्हणजे पाच-सहा वर्षांपूर्वी ज्या ९५ साठी जास्तीचे पैसे मोजावे लागत, ते ९५ आता साध्या नळीतून येते. ज्या गाडीच्या झाकणावर 'किमान ९५' लिहिले आहे तिच्या मालकाचा, निव्वळ ऑक्टेनपुरता, प्रश्नच मिटला. त्याची सवय मात्र तशीच चालू राहते.

महाग पेट्रोलमध्ये ऑक्टेनखेरीज इंजिन स्वच्छ ठेवणारी द्रव्येही असतात, हा युक्तिवाद खरा आहे. तो ऑक्टेनपासून वेगळा काढून तपासावा एवढेच. ट्रिपल एच्याच २०१६ च्या आणखी एका चाचणीत, चांगली स्वच्छताद्रव्ये घातलेल्या आणि न घातलेल्या पेट्रोलमध्ये इंजिनात साचणाऱ्या काजळीचा फरक सरासरी एकोणीस पट निघाला. त्यामुळे ज्याला स्वच्छतेसाठी दोन पैसे द्यायचे आहेत त्याला कुणी अनर्थाचा दोष लावू नये. त्याला आपण कशासाठी देतो आहोत हे माहीत आहे.

इथे एक शंका रास्त आहे. हे सगळे म्हणजे काटकसरीवर चढवलेली धर्माची झूल तर नव्हे? श्रावकाने नेहमी स्वस्तातलेच घ्यावे असा याचा अर्थ होतो का?

होत नाही, आणि याचा सुंदर दाखला 'उवासगदसाओ' या आगमात आहे. हा श्वेतांबरांचा आगम. दिगंबर परंपरा तो प्रमाण मानत नाही, पण त्यातली आनंद श्रावकाची गोष्ट दोन्हीकडे विचार करायला लावणारी आहे. आनंद हा वाणियगाम नगरीतला अतिशय श्रीमंत गृहस्थ. महावीरांपुढे व्रते घेताना त्याने आपल्या मर्यादा एकेक करून सांगितल्या: चाळीस हजार गाई, पाचशे नांगर, लांबच्या वाहतुकीला पाचशे गाड्या आणि जवळच्या वाहतुकीला पाचशे. इथवर तो फक्त मोठा माणूस वाटतो. पुढे खाण्यापिण्याच्या मर्यादा येतात आणि तिथे तो म्हणतो की तूप घेईन ते शरद ऋतूतल्या गाईचेच, दुसरे घेणार नाही, पाणी पिईन ते आकाशातून पडलेले. शरदातले ते तूप म्हणजे उंची तूप. महावीरांनी त्याला स्वस्त तूप खायला सांगितले नाही. त्याने निवड केली, ती जाहीर केली आणि बाकीच्या सगळ्या तुपांची वासना सोडून दिली. उत्तम वस्तू घेण्यात दोष नव्हता. दोष असता तो न ठरवता, न थांबता, मिळेल तेवढे घेण्यात.

समंतभद्र याच ठिकाणी भोग आणि उपभोग वेगळे करतात. एकदाच वापरून संपते ते भोग, उदाहरणार्थ अन्न. पुन्हा पुन्हा वापरता येते ते उपभोग, उदाहरणार्थ वस्त्र. या हिशेबाने गाडी उपभोग आहे आणि पेट्रोल भोग. गाडी एकदा घेतली की तिची मर्यादा ठरून जाते, घरात दोन की तीन हे दिसते, शेजारीही मोजतात. पेट्रोलची मर्यादा कुणाला दिसत नाही. ते जळते आणि संपते, म्हणून त्याच्याबाबत माणूस सैल होतो. साठ लिटरच्या टाकीमागे सात-आठ रुपये लिटरप्रमाणे साडेचारशे रुपये जास्त जातात, आणि २०२० च्या दिल्लीच्या भावाने शंभर ऑक्टेनची तीच टाकी ४,६८० रुपयांनी महाग पडते. कुणी म्हणेल, त्याचे पैसे, त्याने जाळावेत. पण अनर्थदंडाचा विचार खिशापाशी थांबत नाही. त्या जळण्यात दुसऱ्याचे काय जळते, हे तो विचारतो.

विसाव्या शतकाने या प्रश्नाचे फार कडवट उत्तर दिले. डिसेंबर १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना आढळले की शिशाचे एक संयुग चिमूटभर घातले की नॉकिंग थांबते. फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायो राज्यातल्या डेटन शहरात 'ईथाइल' या नावाने ते पेट्रोल विकायला सुरुवात झाली. लोकांनी जास्तीचे पैसे आनंदाने दिले. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या शुद्धीकरण कारखान्यात हे संयुग हाताळणारे पाच कामगार भ्रम होऊन मेले. तरीही विक्री थोड्याच काळात पूर्ववत झाली. शिसे धुरातून हवेत, हवेतून मातीत आणि मातीतून लहान मुलांच्या रक्तात जात राहिले. मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो हे सिद्ध होऊनही ते चालू राहिले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाले. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, २०२१ मध्ये. पिस्टनची टकटक थांबावी म्हणून जवळजवळ शंभर वर्षे जगभरच्या मुलांनी किंमत मोजली. पाच अनर्थदंडांत एक हिंसादान आहे, हिंसेचे साधन दुसऱ्याच्या हाती देणे; ईथाइलपेक्षा चपखल उदाहरण शोधून सापडणार नाही.

आज शिसे गेले आणि त्याचे ऑक्टेन वाढवण्याचे काम बऱ्याच अंशी इथेनॉल करते. सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा. राज्यात सर्वाधिक कारखाने असलेल्या जिल्ह्यांत त्याची गणना होते, आणि कारखान्यांना लागून आता आसवनी उभ्या आहेत. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. साठ लिटरच्या टाकीतले बारा लिटर इथेनॉल उसाचे असेल, तर त्यामागे ३४ हजार लिटरांहून जास्त पाणी गेले. दहा हजार लिटरचे तीन टँकर भरून उरावे इतके. आणि हे त्या शहरात, जिथे उजनी धरण भरलेले असले तरी कित्येक भागांत नळाला वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड पाणी येते. समंतभद्रांच्या यादीतले पाणी आणि वनस्पती इथे भेटतात. ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला यात दोषी धरण्याचे कारण नाही, त्याला पैसे देणारे पीक तेवढेच आहे. पण साधे पेट्रोल भरणाऱ्याने आपण निर्दोष झालो असे समजू नये, इतके यातून नक्की कळते. स्वस्त नळी पवित्र आणि महाग नळी पापी, असा हा मामला नाही.

मग वाचलेले पैसे दान करावेत का? साडेचारशे रुपये दर टाकीला, वर्षाकाठी चांगली रक्कम होते. सोलापुरात या विचाराला बाराव्या शतकातले बळ आहे. सिद्धरामेश्वरांनी इथे लोकांना जोडून, स्वतः कुदळ हाती घेऊन तलाव खोदला. जानेवारीतल्या गड्डा यात्रेत नंदीध्वज मिरवतात ते त्यांच्याच नावाने, आणि तलावातले मंदिर आजही शहराचे हृदय आहे. जे मिळवले ते समाजाला परत देण्याचा दासोह शरणांनी, म्हणजे वीरशैव संतांनी, शिकवला. त्यामुळे अनावश्यक भोग कमी करून त्याचे पाणी तहानलेल्याकडे वळवावे, हे सोलापूरकराला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पण 'शून्यसंपादने' या कन्नड ग्रंथात या तलावाविषयी एक अवघड प्रसंग आहे. शरणांतले ज्येष्ठ अल्लमप्रभू सोन्नलिगेला, म्हणजे आजच्या सोलापूरला येतात आणि शेकडो लोक खपत असताना सिद्धरामांना नावाने न पुकारता माती खोदणारा गवंडी म्हणून हाका मारतात. शिष्य खवळतात, दगड मारतात. सिद्धराम स्वतः संतापतात. आणि तिथे अल्लमांचे बोट नेमके पडते: एवढे लोककल्याणाचे काम, तरी 'मी केले' हा भाव शिल्लक नसेल तर हा संताप कुठून आला? पुढे सिद्धराम त्यांच्यासोबत कर्नाटकातल्या कल्याणला जातात. तलावाची किंमत या प्रसंगाने कमी होत नाही. सिद्धरामांना तो बंद करायला कुणी सांगितले नाही. मात्र साधे पेट्रोल भरून, वाचवलेल्या पैशांच्या पावत्या मिरवणारा माणूस आणि पंपावर सगळ्यांना ऐकू जाईल असे 'शंभरचं टाक' म्हणणारा माणूस, दोघांनाही अल्लमांनी एकच प्रश्न विचारला असता.

म्हणून व्रताचे स्वरूप महत्त्वाचे. समंतभद्रांनी भोगोपभोगाच्या मर्यादेचे दोन प्रकार ठेवले: आयुष्यभराचा तो यम आणि ठराविक काळापुरता तो नियम. नियम कशाकशाचा घ्यावा या त्यांच्या यादीत भोजन, अंथरूण, स्नान, फुले, विडा, वस्त्रे, दागिने, गाणे-बजावणे आहे, आणि भोजनानंतर लगेच वाहन आहे. मुदतही त्यांनी दिली आहे: एक दिवस, एक रात्र, पंधरवडा, महिना, ऋतू, सहा महिने. आज जैन घरांत चातुर्मासात हिरव्या भाज्या किंवा रात्रीचे जेवण सोडण्याचे नियम सहज घेतले जातात. वाहनाचा नियम मात्र क्वचित ऐकू येतो, ग्रंथात तो इतक्या वरच्या जागी असूनही.

तो घ्यायचा तर सोलापूरकराला अडचण पडत नाही. एकट्याने पुण्याला जाऊन संध्याकाळी परतायचे म्हणजे पाचशे किलोमीटर. दहाच्या मायलेजने पन्नास लिटर, मग ते ९५ चे असो की १०० चे. सरण आणि सारण, विनाकारण हिंडणे आणि हिंडवणे, हे प्रमादचर्येच्या यादीत शेवटी आले आहे. पण पंपावर पोहोचण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न तोच आहे. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईची वंदे भारत सोलापुरातून सुटते. १९३१ मध्ये फाशी गेलेल्या चार सोलापूरकरांच्या स्मरणार्थ नाव दिलेली हुतात्मा एक्स्प्रेस तर त्याच्या कितीतरी आधीपासून रोज सकाळी पुण्याला जाते, आणि रात्री घरी परत आणते.